मॅडीचा वरचा सूर

कोल्हापूरच्या ‘खडखडाट’ या रॉक बँडचा गायक मॅडी कारखानीस म्हणजे बडं प्रस्थ. वरचा सूर आला की माइक पब्लिककडे धरायचा, ही त्याची स्टाइल. तो भांडून बाहेर पडला आणि बँडचा नवा अल्बम तेजल गोडांबेच्या आवाजात निघाला.

प्रकाशनाला मॅडी न बोलावता स्टेजवर चढला आणि तिच्या हातातला माइक काढून घेत म्हणाला, “माझा वरचा सूर आता कोण लावणार? ही पोरगी?”

तेजल माइकशिवायच खणखणीत म्हणाली, “मी कशाला, दादा? इतकी वर्षं ज्यांनी लावला तेच लावतील. समोरच बसलेत.”

हसत हसत अख्ख्या हॉलने तो सूर लावला, आणि मॅडीचा हात सवयीने माइक घेऊन पब्लिककडे गेला.