ठकूआत्याची चौकट

फार वर्षांपूर्वी, रानमळ्याच्या शाळेला अजून फरशी नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. मुलं मातीच्या जमिनीवर मांडी घालून बसत आणि दर शनिवारी शाळा सुटली की ठकूआत्या ती जमीन सारवायला येई. ती कुणाचीच सख्खी आत्या नव्हती, पण धाक सगळ्या गावाला होता. तिनं सारवलेल्या जमिनीवर मुंगीसुद्धा पाय पुसून चढायची, असं म्हणतात.

सारवता सारवता तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. ज्या पोराला आत काही सलत असेल, त्याच्या जागेवर खड्डा सापडतो. मार खाऊन आलेलं, घाबरलेलं, उपाशी पोर पाढे म्हणता म्हणता नखानं जमीन उकरत बसतं, आणि त्याचं त्यालाही ते कळत नाही. आत्याला अक्षरओळख नव्हती, पण खड्डा पाहून ती पोराच्या घरची हालहवाल सांगायची.

वझे गुरुजींना मात्र ही नुसती नासधूस वाटे. दर सोमवारी ते जमीन तपासत; ज्याच्या जागी खड्डा, त्याच्या हातावर छडी. गुरुजी दुष्ट नव्हते, त्यांना सगळं नीटनेटकं लागे एवढंच. म्हणून आत्या शनिवारी गपचूप एकूण एक खड्डा बुजवी आणि वरून असा हात फिरवी की सोमवारी शोधूनही सापडू नये. छडी कोनाड्यात पडून राही. आपण मोठं पुण्य करतोय असं तिला वाटे, आणि इथंच तिचं चुकलं.

खिडकीखाली हौसा नावाची नऊ वर्षांची मुलगी बसायची. तिची आई बाळंतपणात गेली, तान्हा भाऊ तेवढा वाचला. तेव्हापासून हौसा बोलायची थांबली. तिच्या जागी आधी बोटभर खड्डा पडला. आत्यानं तो बुजवला. पुढच्या शनिवारी तो मनगटाएवढा झाला. आत्यानं तोही बुजवला. तिसऱ्या महिन्यात एका शनिवारी आत्याचा हात कोपरापर्यंत आत गेला. एवढ्याशा नखांनी एवढं खोल कसं गेलं, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही. आतून विहिरीसारखा गारवा यायचा, असं म्हणतात.

त्याच शनिवारी गुरुजी म्हणाले, "ठकूबाई, सोमवारी दिपोटीसाहेब शाळा तपासायला येताहेत. ती हौसा काही तोंड उघडत नाही. तिचं नाव मी पटावरून काढतोय. तिच्या बापालाही ती घरीच हवी आहे, बाळ सांभाळायला."

आत्याच्या हातातलं शेण हातातच राहिलं. एकदा नाव निघालं की पोर पुन्हा शाळेचं दार बघणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिला स्वतःचाच राग आला. तीन महिने आपण छडी चुकवली खरी, पण पोरीचं दुखणं कुणाला दिसूच दिलं नाही.

"सोमवारपातुर नाव काढू नगा," ती म्हणाली. "आन् आज मी सारवणार न्हाई."

"अहो, साहेब येणार आहेत."

"येऊ द्यात की. त्यास्नी बी बगू द्या."

सोमवारी भर वर्गात ती शेणकाला घेऊन आली आणि सगळ्यांदेखत हौसाजवळ फतकल मारून बसली. साहेब दारात, गुरुजींचा चेहरा लालबुंद. आत्यानं शेणकाल्यात हात बुडवला, तो खड्ड्यावर धरला आणि विचारलं, "बुजवू का गं?"

आणि ती थांबली. या खिडकीतलं ऊन त्या खिडकीत गेलं, शेण बोटांवर वाळून त्याचे पोपडे पडले, तरी तिनं हात खाली घेतला नाही, असं म्हणतात.

शेवटी हौसा म्हणाली, "अजून नगं."

तीन महिन्यांत तिचा आवाज पहिल्यांदाच कुणी ऐकला. मग ती खड्ड्यावर ओणवी झाली. "घरी रडले की बाळ रडतं, आत्या. मला रडू नगं म्हंत्यात," असं म्हणून ती रडायला लागली, आणि इतकी रडली की खड्डा काठोकाठ भरला. त्याच पाण्यात दोघींनी माती कालवली. बुजवायच्या आधी गुरुजी उठले, कोनाड्यातली छडी त्यांनी काढली आणि खड्ड्यात टाकली. साहेबांनी बूट काढले आणि ते पोरांच्या रांगेत जाऊन बसले. त्यांनी वहीत काय लिहिलं ते कुणी पाहिलं नाही. हौसाचं नाव मात्र पटावर राहिलं.

आता शाळेला चकचकीत फरशी आहे. खिडकीखालची एक फरशी गवंड्यानं तीनदा बसवली आणि तीनदा ती उचलून आली, असं म्हणतात. शेवटी तेवढी चौकट मातीचीच ठेवली. मुलं पाळीपाळीनं ती सारवतात. कुणालाही तिथं जाऊन बसता येतं. खड्डा दिसला तर कुणी केला ते कुणी विचारत नाही, पण त्या दिवशी बाई खुर्ची सोडून तिथं, खाली बसून शिकवतात.

शनिवारी सारवायच्या आधी साऱ्या वर्गाला विचारायचं, "बुजवू का?" मागच्या रांगेतून एखादा बारीक आवाज जरी "अजून नको" म्हणाला, तरी शेणकाला तसाच बाजूला ठेवतात.