लिंपलेली ढोली

डोंगराच्या कुशीतल्या एका दाट रानात एक धनेश पक्षीण राहत असे. मोठी वाकडी चोच, राखी अंग आणि स्वभाव कष्टाळू. मुलांनो, या पक्ष्यांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली, की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून चिखलाने लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी राहते. आत तिच्या पंखांची पिसे झडतात, तिला उडता येत नाही. नर बाहेरून फळे आणतो आणि त्या फटीतून तिला भरवतो. सापापासून पिल्ले वाचावीत म्हणून ही भिंत.

पक्षिणीची लेक मोठी झाली, तेव्हा आईने तिला लिंपायला शिकवले. "थर पातळ नको गं. सापाची जीभसुद्धा आत जाता कामा नये." लेकीने हौसेने लिंपून दाखवले. मग तिने विचारले, "आणि आई, फोडायची कशी?" आई हसली. "अजून संसार मांडला नाहीस आणि मोडायचं विचारतेस? वेळ आली की कळतं ज्याचं त्याला."

लेकीने बेहड्याच्या उंच झाडावर आपली ढोली लिंपली. सुरुवातीला नर चोच भरभरून उंबरे आणी. पुढे त्याला कंटाळा येऊ लागला. उशीर झाला म्हणून तिने आतून हाक मारली, की तो फटीतून घास देण्याऐवजी टोच मारी. आई भेटायला गेली तेव्हा तिला हे दिसले. फटीतून बाहेर आलेली चोच चिरलेली होती, आणि आत लेकीच्या डोळ्यावर रक्त सुकले होते.

"आई, मला बाहेर काढ."

आईने फटीतून चोच घालून तिला कुरवाळले. पण ती म्हणाली, "अंगावर पिसं नाहीत, जाशील कुठं? तापट आहे गं तो, पण उंबरं आणतोय ना? तुझे बाबाही असेच होते. पिल्लू झालं की निवळेल. सोस थोडं."

जावई शेजारच्या फांदीवर चोच घासत बसला होता. तो म्हणाला, "सासूबाई, तुमच्या लेकीला भूकही फार आणि तोंडही फार." आई त्याच्याशीच चार गोड शब्द बोलून परतली.

त्याच झाडावर, खालच्या अंगाला, एक सुतार पक्षी राहत होता. वाळके लाकूड पोखरून काढील अशी त्याची चोच. वरचे रडणे त्याला रोज ऐकू येई. "दुसऱ्याच्या घरात चोच खुपसू नये," असे तो स्वतःला सांगे आणि आपली टकटक जरा जोराने करी. मग काही ऐकू येत नसे.

आई पुन्हा गेली, तेव्हा लेकीने काहीच मागितले नाही. "बरी आहे," एवढेच म्हणाली. आईला वाटले, रुळली पोर. ती हलक्या मनाने घरी आली.

त्यानंतर गेली, तेव्हा फटीतून चोच आली नाही. जावई ओढ्यापलीकडे दुसऱ्या एका मादीला नवी ढोली दाखवत होता. आईने भिंतीवर चोच मारली. दोन-चार घावांत भिंत पडली. वाळलेला चिखलच तो, आतूनही तशीच पडली असती. पण थर जिथे सगळ्यांत जाड, तिथेच लेक चोच घासत राहिली होती. फटीच्या कडेपासून सुरुवात करायची, हे तिला कोणी सांगितले नव्हते. ती थंड पडली होती. तिच्या पोटाखाली एक पिल्लू, तेही मादीच, धुगधुगी धरून होते.

सुतार पक्षी वर आला. "मी रोज ऐकत होतो हो," तो म्हणाला. "म्हटलं, तुम्ही तिची आई, तुम्हाला ठाऊक असेलच."

"ठाऊक होतं," आई म्हणाली.

तिने नातीला वाढवले. एका जुन्या ढोलीत ती नातीला बसवी, तोंड लिंपी, चिखल वाळू देई आणि बाहेरून म्हणे, "हं, आता ये. कडेनं मार." पुढच्या हंगामात एकदा, जावयाच्या ओढ्यापलीकडच्या नव्या मादीची आई तिथून जाताना थांबली. "पोरीला घर मोडायला शिकवतेस होय? अशीला कोण करून घेईल?"

"लिंपायला फार छान शिकवलं होतं मी एकीला," म्हातारी म्हणाली. "काल तुझी लेक रडत होती. आम्ही दोघी तिकडंच निघालोय. येतेस?"

ती आई त्या दोघींबरोबर ओढ्याकडे उडाली. रडणे तिनेही ऐकले होते.

तात्पर्य : मारणारा तर दोषी असतोच, पण लेकीला 'सोस' म्हणणारे आणि तिची हाक ऐकून गप्प बसणारे त्याच्याच बाजूला उभे असतात.