बंपररावांचा घरचा रंग

यंत्रांना वाचा होती त्या काळची गोष्ट. डोंगरात फिरणारी एक जीप रंगकामाला गॅरेजात आली. यासीन मिस्त्रींनी तिचा पुढचा बंपर काढला आणि काचपेपरने घासून गंज पार उतरवला. उघडं लोखंड लखलखलं. बंपररावांना त्यात स्वतःचं रूप दिसलं आणि ते हरखून गेले. "अरेच्चा, मी तर चांदीचा!"

मिस्त्री रंगाआधी लावायचा मातकट प्रायमर घेऊन आले, तसे बंपरराव कडाडले, "हा चिखल आम्हाला नको. ज्यांना रूप नाही, त्या मडगार्डांना फासा!"

"बंपरराव, उघडं लोखंड हवेत टिकत नाही हो."

"लोखंड कोणाला म्हणता?"

मिस्त्रींनी हात जोडले आणि त्यांना तसंच जीपला बसवलं.

आठवड्याभरात बंपररावांच्या अंगावर तांबूस ठिपके उठले. मडगार्ड बघतोय म्हटल्यावर ते छाती काढून म्हणाले, "बघितलंत? आम्हाला आतूनच रंग फुटतो. डब्यातला रंग तुम्हालाच लखलाभ!" दारांच्या बिजागऱ्यांना हे इतकं पटलं, की त्या आपलाही रंग खरवडून मागू लागल्या.

दोन पावसाळे असेच गेले. एकदा जीप चिखलात रुतली. ट्रॅक्टरवाल्याने बंपररावांना दोर बांधला आणि जोर लावला. कडाड् आवाज झाला. जीप जागच्या जागी राहिली आणि बंपरराव तेवढे दोराबरोबर दगडधोंड्यांतून फरपटत निघाले.

फरपटता फरपटता त्यांनी मागे वळून मडगार्डला हाक मारली, "बघ रे, सगळ्यांच्या पुढे कोण गेलं!"