नाचणीच्या वशाची कहाणी

ऐक गे कणसरीमाई, दाण्यादाण्याच्या आई, तुझी कहाणी. डोंगराच्या पायथ्याशी एक आटपाट गांव होता. त्याच्या उतारावर नाचणी पिके, वरी पिके, खाचरांत भात डोले. पुढं गांवाला श्रीमंती आली. मग दूरदेशीहून बैलांच्या पाठीवर गहू येऊं लागला. गहू खाई तो थोर, नाचणी खाई तो हलका, असं झालं. उतार ओस पडले.

त्या गांवांत एक पाटील होता. त्याला एक सून होती. भिवरा तिचं नांव. भिवरेला एकुलती एक लेक, बकुळ. घरांत सकाळी शिरा, दुपारी पोळी, सांजेला गव्हाची खीर. पण बकुळेच्या अंगी कांही लागेना. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काडीसारखे. दिवसांतून दहादां परसाकडे पळे. चार वर्षांची झाली तरी उंबरा चढवेना. सासूचा नातीवर मोठा जीव. ती म्हणे, "पोर अशक्त आहे, आणखी तूपपोळी घाल." मग भिवरा घाली, मग पोर ओके, मग दोघी रडत बसत.

एक वैद्य आला, काढा दिला. गुण नाही. दुसरा आला, लेप दिला. गुण नाही. तिसरा आला, नाडी धरून बसला आणि औषध न देतां उठून गेला. भिवरेनं गांठोडं बांधलं. ती म्हणाली, "सासूबाई, मी पोरीला घेऊन माहेरी जात्यें."

"तुझ्या माहेरी आहे काय? काळी भाकर नि काळी आंबील! मरेल पोर."

"इथं तरी कुठं जगत्ये?" भिवरा म्हणाली. पोरीला कडेवर घेतलं आणि डोंगर चढूं लागली.

अर्ध्या वाटेवर तिचे पाय थकले. बांधावर बसून रडूं लागली. शेतांत एक बाई नाचणी कापीत होती. ती विळा ठेवून आली. "बाई बाई, कां रडत्येस?" "काय सांगूं बाई! घरांत भरलं ताट आहे, आणि पोर उपाशी आहे." बाईनं मडक्यांतली नाचणीची आंबील वाटींत ओतली. बकुळ घोट घोट प्यायली. भिवरा वाट पाहत राहिली, आतां ओकेल, मग ओकेल. पोर ओकली नाही. मांडीवर निजली.

मग बाई म्हणाली, "हिला गहू सोसत नाही. माझा वसा घे."

"वसा घ्यावा कसा?"

"गव्हाचा कण पोरीच्या तोंडी घालूं नये. आपल्या मातींत पिकतं तें घालावं. जातं वेगळं, तवा वेगळा, पोळपाट वेगळा. ज्याला गहू सोसतो, त्याला नांवं ठेवूं नयेत. ज्याला सोसत नाही, त्याला आग्रह करूं नये. कंटाळूं नको, लाजूं नको, हातचा वसा सोडूं नको."

भिवरेनं पाया पडून मान वर केली. बाई नव्हती. नुसतीं कणसं हलत होतीं. ती कणसरीमाई होती.

माहेरी भिवरेनं वसा वसला. तांदळाची भाकरी केली, वरीचा भात केला, कुळथाचं पिठलं केलं. एका महिन्यानं बकुळेचं पोट उतरलं. दुसऱ्या महिन्यानं गालांवर रंग आला. तिसऱ्या महिन्यानं पोर आपल्या पायांनी डोंगर उतरून घरी आली.

भिवरेनं सासूला वसा सांगितला. सासूला आनंद झाला. तिनं देवापुढं शिरा केला, आणि भिवरेची पाठ वळतांच पोरीला चिमूटभर भरवला. प्रसादच तो! सांजेला पोर पोट धरून लोळूं लागली.

भिवरा पहिल्यांदाच सासूसमोर ताठ उभी राहिली. "सासूबाई, प्रसाद देवाचा, पण पोट पोरीचं. देव रागावला तर मी त्याचे पाय धरीन. पोर गेली तर कुणाचे धरूं?"

सासू खाली मान घालून उठली. दुसऱ्या दिवशीं तिनं स्वतः नवं जातं आणवलं, हळदकुंकू वाहिलं आणि नाचणी दळायला बसली. पोर सावरली, पण पुरती बरी होईना. आमटी खाल्ली की पोट धरी. भिवरेनं तवा पाहिला, पोळपाट पाहिला, जातं पाहिलं. कुठं कण नाही. तिला वाटलं, माझाच वसा चुकला. मनांत झुरूं लागली.

एके दिवशीं दारीं हिंगवाला आला. सासू म्हणाली, "बाबा, निव्वळ हिंग दे हो, भेसळ नको."

"आई, निव्वळ हिंग कुणाला सोसेल? गव्हाचं पीठ घालून मळतों, तेव्हां त्याचे खडे होतात."

सासूनं हिंगाची डबी उंबऱ्यावरच ठेवली. तशीच स्वयंपाकघरांत धांवली, चुलीवरची आमटी उतरवून दूर नेऊन ओतली. "सूनबाई, तुझा वसा नाही गं चुकला! फोडणी चुकली. ती मीच घालीत होतें." मग तिनं लसणाची फोडणी घातली आणि भिवरेच्या डोळ्यांना पदर लावला.

चार दिवस गेले. पांचव्या दिवशीं दोघी चुलीपाशीं होत्या. बकुळ अंगणांतून उंबरा ओलांडून धांवत आली आणि म्हणाली, "आजी, भूक लागली!"

जन्मांत पहिल्यांदा म्हणाली. दोघी एकमेकींकडे पाहूं लागल्या. सासूनं भाकरी थापली, पोरीनं खाल्ली. म्हणाली, "आणखी." सासूनं दुसरी थापली. भिवरा भिंतीला टेकून बसली. चार वर्षांचा अडकलेला श्वास तिनं सोडला.

ही वार्ता गांवांत गेली. एक बाई आली, "माझ्याही मुलाचं असंच होतं." दुसरी आली. तिसरी चोरपावलांनी मागल्या दारानं आली. भिवरेनं तिघींना वसा सांगितला, माहेरचं ओंजळभर नाचणीचं बी दिलं. ओस उतार पुन्हा पेरले. ज्यांना गहू सोसे ते गहू खात, ज्यांना न सोसे ते नाचणी खात. एका पंक्तीला बसत, कुणी कुणाला हसत नसे.

कणसरीमाई जशी भिवरेला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. सोसेल तें अन्न ताटांत पडो, लेंकरं भूक लागली म्हणत घरीं येवोत. शंभर घासांची कहाणी, दहा घासांत सांगितली, ऐकणारीच्या पदरीं सुफळ झाली, भरल्या पोटीं पुरी झाली.