बारदान वजा

“बाबा, तुमच्या वाट्याचे तेवीस किलो हणमंताला दिलेत म्हणे?”

बंकटबाबा अंगणात तांब्या घासत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण म्हणतं?”

“म्हणायला कशाला पाहिजे? काल त्याचं गाठोडं तुमच्या खोलीत जाताना या डोळ्यांनी पाहिलंय.”

शेषराव उदगीरच्या मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला आडत्या. अठरा वर्षं बाबांच्या भजनात झांजा धरलेला. हणमंत शिंप्याला येऊन पुरती तीन वर्षंही झाली नव्हती. मॉरिशसच्या मराठी मंडळींनी बाबांना भजनाला बोलावलं, सोबत दोघांना आणा म्हणाले, आणि बाबांनी या दोघांची नावं एका दमात घेतली. ते ‘एका दमात’ शेषरावच्या घशात तेव्हापासून अडकलेलं.

विमानात माणशी तेवीस किलो. बाबांचं सामान म्हणजे दोन धोतरं आणि हा तांब्या. झोळीतच मावणार. म्हणजे त्यांचे तेवीस किलो मोकळे. गावात चर्चा एकच... बाबांकडे वजन कुणाचं जास्त?

“तुला लागतात का रे ते?”

“मला? छे! माझं माप चोख आहे. माल तेवीस किलो, तोळाभर इकडं नाही की तिकडं. प्रश्न न्यायाचा आहे.”

“बॅग आणलीस?”

आणली होती. चाकांची, कडक पाठीची, दुकानातली सगळ्यात मोठी. विमानतळावर थोरला शिष्य कोण, हे कुणाला विचारावं लागू नये एवढी.

लिंबाच्या फांदीला शेषरावनं स्वतःचाच काटा टांगला, बॅग अडकवली. काटा एकतीसवर थांबला.

शेषराव हसला. “बरोबर. आठ किलो बॅगचे. बारदान वजा जाता तेवीस.”

मोंढ्याची रीतच ती. माल पोत्यासकट काट्यावर चढतो, मग रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदानाचं वजन त्यातून कापायचं. शेषरावच्या तीन पिढ्या यात कधी चुकल्या नव्हत्या.

“विमानवाले बारदान कापत नाहीत,” बाबा म्हणाले. “पेटीसकट तेवीस.”

“कोण म्हणतं?”

“हणमंता. तिकीटवाल्याला फोन लावून विचारलं त्यानं.”

“वा! आता कात्रीवाला मला काटा शिकवणार!”

बाबा उठले. आतून गाठोडं आणून त्याच्यापुढे टाकलं.

“सोड.”

शेषरावनं गाठ सोडली, शेवटी दातानं. आत सामान नव्हतंच. जाड कापडाची एक रिकामी बॅग. दुहेरी शिवण, आतून अस्तर, भक्कम बंद. आणि झाकणावर लाल दोऱ्यानं काढलेलं नाव... शेषराव.

“तुझी पेटी दुकानातून येताना पाहिली त्यानं. दोन दिवस बसून ही शिवली. अर्ध्या किलोची आहे, तेवढाच माल कमी कर. म्हणाला, तुमच्या हातून दिली तर घेतील.”

“मग... तुमचे तेवीस किलो?”

“ते रिकामेच चाललेत.”

शेषराव शिवण चाचपत राहिला. एखादा टाका तरी वाकडा निघेल... या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. निघाला नाही.

“म्हणजे,” तो घशातल्या घशात म्हणाला, “यातही तोच पुढं!”

त्यानं बॅग खाली ठेवली.

“आणि मी? अठरा वर्षं, बाबा! अठरा वर्षं तुमच्या पायाशी काढली. त्याला काही वजन आहे की नाही?”

बाबांनी तांब्यात डोकावून पाहिलं, मग तो पालथा घातला.

“आहे ना रे, शेषा... पण ती अठरा बारदानासकट सांगतोस, की बारदान वजा?”