ठमाई सुईण आणि कपारीतली शतावरी

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा वेळुशीच्या डोंगरावर शतावरी इतकी माजलेली असायची, की तिच्या काट्यांना भिऊन गुरं त्या अंगाला चरायला जात नसत, असं म्हणतात.

गावात ठमाई नावाची सुईण होती. कुठे बाई बाळंत झाली की ठमाई पहार घेऊन डोंगर चढायची, शतावरीच्या मुळ्या खणून आणायची, सोलून आतली शीर ओढून काढायची आणि दुधात शिजवून बाळंतिणीला द्यायची. त्यानं अंगावर दूध येतं. चार वाड्यांना ती एकटीच सुईण. एका घरातून निघाली की दुसऱ्या घरचं माणूस दारात उभं असायचं. गुडघे सुजायचे, तरी बसायला फुरसत नसे.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. गुरं आटली, बायांचं दूधही आटलं. लोक ठमाईची वाट बघेनात. जो तो डोंगरावर गेला आणि वेल बुडख्यासकट उपटून घेऊन आला. बुडखा मातीत ठेवला तर तो पुन्हा फुटतो, हे ठमाई सांगत होती. ऐकायला कुणी थांबलं नाही. डोंगर उघडा पडला. कड्याखालच्या कपारीत एकच वेल उरला, आणि गावात तान्ही पोरं अकरा. त्यातलं एक ठमाईच्या लेकीचं, कोंडाईचं.

पाटील माणसं घेऊन कपारीपाशी आला, तर ठमाई वेलापुढे उभी. “ठमाबाई, बाजूला व्हा. वेल काढतो आणि अकरा घरांत वाटतो.”

“दोन दिवस पुरेल,” ठमाई म्हणाली. “तिसऱ्या दिवशी काय द्याल?”

पाटील मागे फिरला. माणसं परत गेली.

त्या दिवसापासून ठमाई रोज सकाळी बोटांनी माती मोकळी करायची, अकरा मुळ्या काढायची, माती पुन्हा दाबायची. मग खालच्या डोहातून घागर भरून वर न्यायची आणि वेलाला घालायची. एका घराला एक मुळी. लेकीलाही एकच.

पाचव्या दिवशी कोंडाईचं बाळ गेलं.

“वेल तुझ्याच हातात होता, आई,” कोंडाई म्हणाली. “एक मुळी जास्त दिली असतीस तर?”

“मग दुसरीचं गेलं असतं.”

एवढं बोलून ठमाई उठली, घागर घेतली आणि डोंगर चढायला लागली. दहा घरं अजून बाकी होती. त्यानंतर मायलेकी बोलल्या नाहीत.

शतावरीला मुळ्या असून असून किती असणार? पण त्या वेलानं तीन महिने रोज दहा दिल्या, असं म्हणतात. जिथली मुळी काढली, तिथे दुसऱ्या दिवशी दोन हाताला लागायच्या. वेल भरत गेला आणि ठमाई वाळत गेली. शेवटी तिची बोटं आणि मुळ्या ओळखू येत नसत, इतकी ती बारीक आणि पांढरी झाली होती.

आभाळ भरून आलं त्या दिवशी कोंडाई डोंगरावर गेली. ठमाई अर्ध्या वाटेत घागर घेऊन उभी होती. पुढचं पाऊल उचलत नव्हतं. कोंडाईनं तिच्या कमरेवरची घागर घेतली.

“तू बस आता. पाणी मी घालते.”

ठमाई खडकाला पाठ टेकून बसली. कोंडाई पाणी घालून परत आली, तेव्हा तिचा जीव गेलेला होता.

दहाही पोरं जगली. पाऊस पडल्यावर कोंडाईनं त्या वेलाचा बुडखा फोडून एकेक तुकडा एकेका घरच्या बांधावर लावला. वेळुशीत शतावरीचे वाफे आहेत, ते तेव्हापासून.

आजही माघात पाला पिवळा पडला की तिथे मुळ्या काढतात. पहिली पहार मारण्याआधी गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला बांधावर घोंगडी घालून बसवतात. त्या दिवशी तिनं कशाला हात लावायचा नाही. पिण्याचं पाणीसुद्धा कुणीतरी आणून देतं. म्हातारीचा डोळा लागला, तर खणणाऱ्या बाया बोलायच्या थांबतात. काम संपलं तरी ती आपणहून जागी होईपर्यंत तिथेच बसून राहतात.