पुसलेल्या नावाचा दिनार

एका राज्यात सुलताना माहलिका तख्तावर बसली, आणि त्याच दिवशी टांकसाळीत अघटित घडले. घणाचा घाव पडला, सोन्याच्या दिनारावर तिचे नाव उमटले आणि पाहता पाहता अक्षरे मधमाश्यांसारखी उठून खिडकीतून उडून गेली! पुन्हा घाव, पुन्हा तेच. नाणे कोरेच्या कोरे.

तिचा चुलता अमीर तुगान दरबारात गरजला, "ज्याचे नाव नाण्यावर नाही, त्याचे राज्य नाही. येत्या जुम्म्याला माझ्या नावाचा दिनार पाडा."

तेव्हा झरोक्यातला हुदहुद पक्षी तुरा फुलवून बोलला, "सुलताना, तुझ्या वडिलांनी राजा फरामर्जला मारले. त्याची सारी नाणी वितळवून त्याचे नावही पुसले. त्याची आई जरीना जादूगारीण आहे, तांब्याच्या डोंगरात राहते. शाप तिचा आहे."

"वाट दाखव," माहलिका म्हणाली आणि घोड्यावर झेपावली.

काय तो घोडा, काय ती दौड! पुढे पक्षी, मागे धुळीचा लोट. तांब्याच्या डोंगराच्या दारात पांढऱ्या केसांची जरीना उभीच होती.

"खाऱ्या तळ्यातल्या नागाचे सोने आण. शिखरावरच्या जिनाचा विस्तव आण. मग तिसरे सांगेन."

माहलिकेने तळ्यात बुडी मारली आणि नागाच्या वेटोळ्यात हात घातला. नाग फूत्कारला. तिने हात मागे घेतला नाही. नागाने वेटोळे सोडले आणि सोने तिच्या हाती आले.

शिखरावर जिन म्हणाला, "विस्तव खऱ्या बोलाला मिळतो. तुझा बाप न्यायी होता?"

माहलिकेने हातातली विझलेली मशाल पुढे धरली. त्याच बापाने तिला घोड्यावर बसायला शिकवले होते.

"माझ्यावर त्यांची फार माया होती," ती म्हणाली, "पण न्यायी नव्हते."

ज्वाळा उसळली आणि तिच्या मशालीवर येऊन बसली.

ती डोंगराच्या दारात परतली, तेव्हा जरीनाने लोखंडी ठसा पुढे केला. "यावर माझ्या लेकाचे नाव कोरले आहे. नाणे तू आपल्या हाताने पाड."

हुदहुद ओरडला, "सुलताना, थांब! ते नाव उमटले, तर तख्त त्याच्या वंशाचे होईल!"

"होऊ दे. मेलेल्याचे नाव चोरून मला राज्य करायचे नाही."

घाव पडला. अवघा डोंगर घुमला! जरीनाने ते ऊन ऊन नाणे पदरात झेलले, एकेक अक्षर बोटाने चाचपले. "फरामर्ज," ती म्हणाली, आणि ढसाढसा रडली. "तख्त तुझेच राहो, मला एवढे नावच हवे होते." त्याच क्षणी खडकाच्या फटींतून सोनेरी अक्षरांचा थवा उठला आणि राजधानीकडे झेपावला.

जुम्म्याच्या सकाळी तुगानने घण उचलला होता. तोच माहलिकेच्या नावाची अक्षरे आली आणि कोऱ्या दिनारांवर टपटप बसली. तुगानने घण खाली ठेवला, मान लवविली. सुलतानाने फर्मान काढले: एका बाजूस माझे नाव, दुसऱ्या बाजूस फरामर्जचे.

पुढे एके दिवशी एक म्हातारी बाजारात आली. तिने खरबूज घेतले, दिनार दिला. विक्रेत्याने तो उलटून वाचला.

"अम्मा, हा फरामर्ज कोण?"

जरीना तिथेच खरबुजांच्या राशीपाशी बसली आणि सांगू लागली, "लहानपणी फार हट्टी होता..."